पंचवीस इंच

माझ्या बाबांची चाकाची खुर्ची पंचवीस इंच रुंद आहे. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन, कारण मापं घेणं हेच माझं काम. लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं मी बनवते आणि त्यांच्या घरी जाऊन बसवून देते. सूतभर चुकलं तरी दार घासतं, आणि दार घासलं की गिऱ्हाईक फोन करून करून डोकं खातं. म्हणून बेटावर जायचं ठरलं तेव्हा मी दादाला कागदावर तीनच प्रश्न लिहून दिले होते. पायऱ्या किती? खोलीचं दार किती रुंद? बाथरूमचं दार किती रुंद?

"हॉटेलवाल्यांना फोन करून विचार," मी म्हटलं. "नुसते फोटो बघून ठरवू नकोस."

"विचारतो गं बाई, विचारतो," दादा म्हणाला.

सहल त्याच्याच डोक्यातून निघाली होती, हे कबूल करायला हवं. बाबांनी चौतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली. शेकडो लोकांना समुद्रावर नेऊन सोडलं, पण स्वतः स्टँडच्या पुढे कधी गेले नाहीत, कारण तासाभरात गाडी परत फिरवायची असायची. आई जाऊन सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी बाबांचा डावा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला, आणि तेव्हापासून त्यांचं जग म्हणजे घर आणि दवाखाना. दादाला ते बघवत नव्हतं. तो विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. सुट्टी टाकून त्याने पाच दिवसांचं सगळं ठरवलं.

महिनाभर आमच्या घरच्या ग्रुपवर फोटोंचा नुसता पाऊस. एका हॉटेलात पोहायचा तलाव, एकात झाडाला टांगलेला झोपाळा, एकात पलंगावर टॉवेलचं बदक. वहिनीला झोपाळा आवडला, दादाला तलाव. बाबा प्रत्येक फोटोखाली अंगठा टाकायचे. शेवटी दादाने एक पक्कं केलं. समोर समुद्र, पांढऱ्या भिंती, आणि फोटोखाली चाकाच्या खुर्चीचं ते निळं चिन्ह.

"विचारलंस?" मी.

"विचारलं. हो म्हणालेत."

विषय संपला.

बेटावर नेणाऱ्या बोटीवर चढतानाच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. दोन खलाशी आले, एकाच्या तोंडात अर्धं बिस्किट, आणि बाबांना काही न विचारता त्यांनी खुर्ची दोन्ही बाजूंनी धरून उचलली आणि फळीवरून पलीकडे नेऊन ठेवली. सिमेंटचं पोतं ठेवतात तशी. बाबा वर आभाळाकडे बघत होते. त्यांना कुणी उचललं की ते बोलायचे बंद होतात. पाय गेल्यापासून मी हे बघत आले आहे.

हॉटेलच्या फाटकातून आत गेलो, फरशीच्या वाटेने पुढे गेलो, आणि समोर पाच पायऱ्या. गुळगुळीत, पांढऱ्या, कठडा नसलेल्या.

मी दादाकडे बघितलं. दादा पायऱ्यांकडे बघत होता.

मॅनेजर हसत बाहेर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फळांच्या रसाचे ग्लास असलेला ट्रे. "वेलकम! काही काळजी करू नका मॅडम, आमची चार माणसं आहेत. उचलतील सरांना."

"रोज?"

"रोज. केव्हाही."

"म्हणजे बाहेर पडायचं तर चार माणसं बोलवायची, आत जायचं तर चार माणसं. आणि तुमची माणसं जेवायला गेली असतील तर?"

त्याने ट्रे खाली ठेवला. "मागे एक खोली आहे. सपाट. दाखवतो."

मागची खोली पाण्याच्या पंपाला लागून होती. समुद्र सोडा, आभाळसुद्धा दिसत नव्हतं. पण पायरी नव्हती, आणि दार एकतीस इंच भरलं. म्हटलं, चला. मग बाथरूमच्या चौकटीला टेप लावला. बावीस इंच. खाली चार इंचांचा उंबरा.

"सर थोडं चालू शकतात का?" मॅनेजरने मला विचारलं.

"नाही."

"पुष्कळ गेस्ट असे येतात मॅडम. ॲडजस्ट करतात."

"कसे करतात? मला शिकवा ना. पंचवीस इंचांची खुर्ची बावीस इंचांतून कशी काढायची? सुतारकाम करते मी, पण ही विद्या मला येत नाही."

"वाटलं तर दार काढून टाकू."

"दार काढून काय होणार? बावीस इंच चौकटच आहे! भिंत फोडणार आहात?"

"जरा हळू," दादा माझ्या कानाशी म्हणाला. "सगळे बघतायत."

बघू देत. तिथेच मी दादाकडे वळले. "तू फोन केला होतास?"

"त्यांच्या ॲपवर विचारलं होतं. उत्तर आलं, होय, योग्य आहे."

"फोन केला होतास का?"

"केला असता तरी हेच सांगितलं असतं त्यांनी!"

म्हणजे केला नव्हता. एका महिन्यात त्याने टॉवेलची बदकं बघितली, झोपाळे बघितले, आणि तीन ओळींचा एक फोन त्याच्याच्याने झाला नाही. मला इतका संताप आला की कान गरम झाले. बाबा पंपाशेजारी आपल्या खुर्चीत बसले होते, टोपी मांडीवर. त्यांच्याकडे मॅनेजर बघत नव्हता, दादा बघत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही बघत नव्हते.

"मी दुसरी जागा शोधून येते," मी म्हटलं. बाबांना वहिनीपाशी फाटकाजवळच्या झाडाखाली सोडलं, टेप कमरेला अडकवला आणि किनाऱ्याच्या रस्त्याने निघाले. दुपारचे दोन वाजले होते. डोक्यावर ऊन, पायात वाळू.

पहिल्या ठिकाणी लाकडी खांबांवर उभ्या केलेल्या झोपड्या होत्या. वर जायला शिडी. तिथली बाई झाडत होती. मी विचारायच्या आधीच तिने माझ्या टेपकडे बघितलं, मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही हो जमणार इथे. उगीच कशाला खोटं बोलू?" तिच्या पाया पडायचंच काय ते बाकी होतं.

दुसऱ्या ठिकाणी मालक छाती फुगवून म्हणाला, "रॅम्प आहे आमच्याकडे!" होता. बॅगांच्या ढकलगाडीसाठी केलेला, घसरगुंडीइतका उभा, आणि टोकाला थेट रस्ता. मी म्हटलं, यावरून माझे बाबा सुटले तर सरळ समोरच्या दुकानात जाऊन थांबतील. त्याला राग आला. "एवढा खर्च करून बांधलाय, तुम्हाला कौतुकच नाही," असं म्हणून तो आत निघून गेला.

तिसरी जागा. काय सांगू? सगळं होतं. सपाट ओटा, बत्तीस इंचांचं दार, आत बाथरूमचं दार तीस इंच, भिंतीला धरायला दांडासुद्धा. खिडकीतून समुद्र. मी टेप गुंडाळला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. काउंटरवरच्या माणसाने वही उघडली, पेन काढलं आणि विचारलं, "किती जण? कोण कोण?"

मी सांगितलं.

त्याचं पेन थांबलं. "अं... या खोल्या आजच बुक झाल्यात."

"आत्ता तर दाखवल्यात."

"माझ्या लक्षात नव्हतं."

त्याच्या मागे फळीवर सहा किल्ल्या लटकत होत्या. मी बोट केलं. "त्या कुणाच्या आहेत?"

त्याने आवाज खाली आणला, जसं काही तो माझ्या भल्याचंच सांगत होता. "मॅडम, गैरसमज नको. आमच्याकडे नवीन लग्न झालेली जोडपी येतात. त्यांना जरा प्रसन्न वातावरण लागतं. असं काही समोर दिसलं की लोकांचा मूड जातो. तुम्ही समजून घ्या."

काउंटरवर पितळेची घंटा होती, वरून दाबायची. मी ती दाबली. पुन्हा दाबली. मग दाबतच राहिले. तो "अहो मॅडम, अहो" करत माझा हात धरायला आला, तेव्हा मी घंटा उचलून हातात घेतली आणि वाजवत राहिले. एकेक दार उघडलं. एक जोडपं ओल्या केसांनी बाहेर आलं, एक माणूस तोंडाला साबण लावलेला.

"ऐका!" मी म्हटलं. माझा आवाज फाटत होता. "इथे सहा खोल्या रिकाम्या आहेत. पण माझ्या बाबांना एक पाय नाही, म्हणून त्यांना देत नाहीत. का, तर त्यांना बघून तुमचा मूड जातो! जातो का? सांगा, कुणाचा जातो?"

ओल्या केसांची मुलगी स्वतःच्या पायांकडे बघायला लागली. तिच्या नवऱ्याने तिला हळूच आत घेतलं. साबणवाल्याने दार लावून घेतलं. मी घंटा त्या माणसाच्या वहीवर आपटली आणि बाहेर पडले.

परत फाटकापाशी आले तर झाडाखाली बाबा नव्हते.

वहिनी पाण्याची बाटली हातात घेऊन वेड्यासारखी इकडेतिकडे बघत होती. "पाणी आणायला आत गेले गं. पाच मिनिटं! पाच मिनिटं पण नाही!"

रस्त्यावर वाळू होती म्हणून चाकांच्या दोन बारीक रेघा दिसत होत्या. चौपाटीकडे नाही, उलट दिशेला, बंदराकडे. मी त्या रेघांमागे धावले. नाही नाही ते विचार डोक्यात. वळणापाशी पोचले आणि मला बाबांचा आवाज ऐकू आला. दोन वर्षांत ऐकला नव्हता तो आवाज, बस स्टँडवरचा.

"उजवीकडे काप! अजून काप! आता सोड! येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स!"

मोठ्या पत्र्याच्या शेडसमोरच्या अंगणात एक ट्रक मागे येत होता, आणि त्याच्या मागे, सुरक्षित अंतरावर, बाबा खुर्चीत बसून दोन्ही हातांनी त्याला दिशा देत होते. शेजारी रबरी बूट घातलेली साठीची एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. शेड बर्फाची होती. मासेमारीच्या बोटींना बर्फाच्या लाद्या पुरवायची वखार.

"बाबा!" मी ओरडले. "सांगून जाता येत नाही? जीव गेला माझा!"

बाबा वळले. "तू गेलीस ती सांगून गेलीस?"

"सांगितलं ना! जागा शोधायला जाते म्हणून!"

"ते दादाला सांगितलंस. वहिनीला सांगितलंस. मला झाडाखाली ठेवलंस." त्यांचा चेहरा लाल झाला होता, उन्हाने की रागाने कोण जाणे. "तो मॅनेजर तुला विचारतो, सर चालतात का. तू त्याला सांगतेस, नाही. सर तिथेच बसलेत! त्या सरांना तोंड आहे! माझी खुर्ची मोजतेस, दार मोजतेस, मी काय तुझं कपाट आहे का गं, कोपऱ्यात बसवायला? महिनाभर फोटो पाठवताय. एकाने तरी विचारलं, बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय?"

"तुम्ही अंगठे टाकत होतात!"

"मग काय टाकू? दुसरं काय होतं तिथे टाकायला?"

"मी तुमच्यासाठीच भांडत फिरतेय बाबा! तिथे एका नालायकाने..." आणि मी थांबले. ते वाक्य त्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं.

"बोल. काय म्हणाला?"

"काही नाही."

"परत तेच. मला वगळून."

मग मी सांगितलं. सगळं, घंटेसकट. बाबांनी ऐकून घेतलं. त्यांनी एक शिवी दिली, जी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, आणि ती त्या माणसासाठी होती हे कळून मला फार बरं वाटलं.

"तुमचं भांडण झालं असेल तर जरा बाजूला व्हा," रबरी बुटांची बाई म्हणाली. "माझा ड्रायव्हर घाबरून स्टिअरिंग धरून बसलाय. त्याला वाटतंय त्यालाच बोलताय." मग माझ्याकडे वळून, "तुमच्या वडिलांनी खोली बघितलीये. मागे दोन आहेत, पूर्वी कामगार राहायचे. हॉटेल नाही हां हे. आधीच सांगते, टॉवेलबिवेल मिळणार नाही."

"दार छत्तीस इंच आहे," बाबा म्हणाले. "बघ मोजून."

चौतीस वर्षं ज्या माणसाने आरशात बघून गल्लीबोळांतून बस काढली त्याच्या डोळ्यावर मी शंका घ्यायला नको होती. तरी टेप लावला. छत्तीस इंच, दोन सूत.

"सोड ती दोन सूतं," बाबा म्हणाले.

वखारीत बर्फाच्या गाड्या फिरतात, म्हणून रस्त्यापासून मोरीपर्यंत कुठे पायरी नाही की उंबरा नाही. लाद्या धुवायच्या जागेचीच बाथरूम केलेली. एवढी मोठी की खुर्ची आत गोल फिरली. लोखंडी दोन पलंग, एक बल्ब, भुशाचा ओला वास. बर्फ वितळू नये म्हणून टाकतात तो लाकडाचा भुसा. तो वास तर माझ्या अंगालाच असतो. धरायला दांडा नव्हता. बाईंनी एक जुना पाइप काढून दिला आणि मी तासाभरात तो भिंतीत पक्का केला. बाबांनी धरून, ओढून बघितला, बाथरूमचं दार लावून घेतलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

दादा संध्याकाळी वहिनीला आणि बाबांची बॅग घेऊन आला. मी वहिनीला फोन करून जागा कळवली होती. दारात उभा राहून त्याने बल्ब बघितला, पत्रा बघितला.

"बाबा, हे काय? लोक काय म्हणतील, वडिलांना बर्फाच्या गोदामात ठेवलं?"

"कोण लोक?" बाबा म्हणाले. "इथे तुला ओळखतं कोण?"

"मी तुम्हाला समुद्र दाखवायला आणलं होतं!"

"समुद्राला काही पाय फुटत नाहीत. मी जाईन तेव्हा दिसेल तो. मला दार हवं होतं, माझं मला उघडता येईल असं. हे आहे. तू तुझ्या हॉटेलात राहा, मी काही रागावलो नाही."

"मी रागावलेय," मी म्हटलं. "तीन प्रश्न होते, दादा. एक फोन."

"नाही केला!" दादा एकदम ओरडला. "नाही केला, बास? हातात फोन घेतला, नंबर लावला. पलीकडून हॅलो आलं. माझ्या वडिलांना पाय नाही, हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना! ठेवून दिला फोन. ॲपवर एक चौकोन होता, त्यात खूण केली. ते सोपं होतं. आता मारा मला!"

वहिनी पलंगावर बसली आणि तिने बॅग उघडून बाबांच्या गोळ्या काढायला घेतल्या. मला त्याची कीव आली आणि तरीही राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

बाबांनी एवढंच म्हटलं, "मांडीपासून खाली नाही. नीट सांगायचं. पूर्ण पाय नाही असं नाही."

पुढचे चार दिवस दादा आणि वहिनी हॉटेलात राहिले, मी आणि बाबा वखारीत. बाबा सकाळी स्वतःच उठून, दार उघडून अंगणात जायचे आणि ट्रकवाल्यांवर तोंडसुख घ्यायचे. बाई म्हणाल्या, इतकी वर्षं भिंतीला पोचे पडत होते, या आठवड्यात एकही पडला नाही. तिसऱ्या दिवशी दादा आला, अंगणात उलट्या क्रेटवर बसला आणि दुपारपर्यंत बाबांशी पत्ते खेळला. माझ्याशी कामापुरतंच बोलला. मीही तसंच.

निघायच्या दिवशी धक्क्यावर बोट लागली. खलाशी बाबांकडे सरसावले तसे बाबा म्हणाले, "थांबा. आधी ब्रेक. मागून धरा. मी तीन म्हणेन तेव्हा." ते थांबले, आणि तीन म्हटल्यावरच त्यांनी बाबांना आत नेलं. त्याच बोटीतून आलेले नवीन पाहुणे अजून धक्क्यावरच होते. त्यांत एक म्हातारी, चार पायांचा वॉकर टेकत, आणि सोबत तिचा मुलगा. धक्क्यावर आमच्याच हॉटेलचा माणूस नावाची पाटी धरून हसत उभा.

मी पुढे होणार, तेवढ्यात दादा गेला. भर गर्दीत त्या मुलासमोर उभा राहिला.

"ऐका, तुम्ही त्या हॉटेलात जाताय ना? माझ्या वडिलांचा पाय कापलेला आहे. गुडघ्याच्या वर. आम्ही तिथेच गेलो होतो. पाच पायऱ्या आहेत, कठडा नाही. बाथरूमचं दार बावीस इंच. आधी विचारून घ्या."

त्या मुलाने दादाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आम्ही सगळं विचारलंय," तो म्हणाला. "ॲपवर." आणि आईच्या दंडाला धरून त्याने तिला गाडीत बसवलं.

गाडी निघून गेली. दादा तिथेच उभा होता, मान लाल.

"गाढव," तो म्हणाला. "अरे, गाढव आहे का तो?"

"बोट सुटतेय," बाबा आतून ओरडले. "भांडायचं तर इथे येऊन भांडा!"

दादा फळीवरून आत आला, पण डोळे रस्त्याकडेच. मग त्याने खिशातून फोन काढला, हॉटेलचा नंबर लावला, आणि मॅनेजर लाइनवर आल्यावर बोट किनाऱ्यापासून दूर जाईपर्यंत तो त्याला अशा भाषेत बोलत राहिला की शेजारच्या बाकावरची माणसं उठून दुसरीकडे जाऊन बसली.